रोल धुवायला टाकला आहे

मराठीत आपण फोटो ‘काढतो’ आणि रोल ‘धुवायला टाकत’ असू. पहिल्या क्रियापदात चित्रकाराचा हात आहे, दुसऱ्यात परटाचा. छायाचित्रणाच्या आपल्याकडील इतिहासाचेही काहीसे असेच झाले आहे. कॅमेरा कोणी धरला याची नोंद राहते. डार्करूममध्ये ते चित्र कागदावर कोणी आणि कसे उमटवले, याची क्वचितच. कृष्णधवल छपाई आज नव्याने शिकू पाहणाऱ्याला मात्र इतिहासाचा हा गाळलेला भागच हवा असतो.

1854 च्या मे महिन्यात आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत आली आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले जाणारे हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गात शिकले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आली ती पाठशाळेच्या दारातून, आणि त्या काळी ती शिकणे म्हणजे बव्हंशी रसायने हाताळायला शिकणे होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून प्रकाशग्राही करायचा, काचेच्या निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा, आणि चित्र डोळ्यांदेखत गडद होत गेले की योग्य क्षणी उचलायचा. एन्लार्जर नसल्याने जेवढी काच तेवढेच चित्र. तो ‘योग्य क्षण’ ठरवणे ही छापणाऱ्याची पहिली परीक्षा.

या ठरवण्यात अभिव्यक्ती आपसूकच शिरते. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींवरील ग्रंथाचे दोन खंड 1863 व 1866 मध्ये निघाले. त्यातील कित्येक चित्रांत माणसे एका निगेटिव्हमधली आणि पार्श्वभूमी दुसऱ्याच निगेटिव्हमधली आहे. मानववंशशास्त्राचा पुरावा म्हणून मिरवलेली ही चित्रे जोडकाम करून सिद्ध झाली, हे विसरून ती पाठ्यपुस्तकांत छापणे मला तरी धोक्याचे वाटते. पुढे 1868 साली कल्याणजवळच्या अंबरनाथच्या शिवमंदिराची सरकारी खर्चाने रेखाटने, साचे व छायाचित्रे करण्यात आली. तेथे हेतू निखळ नोंदीचा होता. पण कोरीव मूर्तीच्या सावलीतला तपशील किती उघडा करायचा, हा निर्णय तेथेही छापणाऱ्याला घ्यावाच लागला असणार.

विसाव्या शतकात ब्रोमाइड कागद आणि एन्लार्जर सर्वत्र पोहोचले आणि हा निर्णय सेकंदांत मोजता येऊ लागला. लाल दिव्याखाली कागदाच्या पट्टीवर पाच, दहा, पंधरा सेकंद असा प्रकाश देऊन चाचणी घ्यायची. मग चेहऱ्यावर हाताची सावली धरून तो उजळ राखायचा, किंवा आभाळाला जादा प्रकाश देऊन ढग ‘आणायचे’. पियानोवादनाची तालीम घेतलेल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला वादनाची उपमा दिली होती. आपल्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रिंट ही मैफल. एकाच बंदिशीची दोन गाणी सारखी होत नाहीत.

ही मैफल ठाणे-कल्याणच्या हवेत रंगवणे सोपे नव्हे. विलायती पुस्तके डेव्हलपर 20 अंशांवर ठेवायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी ऊन. बर्फ थेट ट्रेमध्ये टाकला तर द्रावण पातळ होते, म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवायचा. पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी धरते ती वेगळीच. हे ज्ञान पुस्तकांत कमी आणि स्टेशनालगतच्या स्टुडिओंतल्या कारागिरांच्या बोटांत अधिक होते. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून नवरीच्या गालावरचे व्रण पुसणारे ते हात. फोटोच्या पुठ्ठ्यामागे शिक्का उमटे तो स्टुडिओचा. त्यांचे नाव कोठेच नाही.

‘इंदू’ या नावाने कागद व फिल्म बनवणारा उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना बंद पडला. कोडॅकने 2005 मध्ये कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवले. इल्फर्डचा कागद आजही निघतो, आयात होऊन येतो आणि महाग पडतो. त्यामुळे शिकणारा प्रत्येक पट्टी जपून कापतो. दरम्यान जुन्या निगेटिव्ह स्कॅन करण्याची मोहीम सर्वत्र जोरात आहे. ती स्तुत्यच आहे. मात्र स्कॅनरच्या हाती लागते ती बंदिश. स्टुडिओचा पोटमाळा रिकामा होतो तेव्हा निगेटिव्हचे डबे कोणीतरी हौसेने उचलून नेतो. फसलेल्या प्रिंट आणि चाचणीच्या पट्ट्या, ज्यांच्या पाठीवर कधी कधी पेन्सिलने सेकंदांचे आकडे टिपलेले असतात, त्या रद्दीत जातात.