गरोदरपणातील फ्लूची लस

गरोदरपणात फ्लू हे केवळ सर्दीपडसे ठरत नाही. न्यूमोनिया होऊन माता व गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हे प्रकर्षाने दिसले. महाराष्ट्राने २०१५मध्ये गरोदर स्त्रियांना ही लस मोफत देण्यास प्रारंभ केला. निष्क्रिय विषाणूंची, टोचून घ्यावयाची लस गर्भास अपायकारक नाही. नाकात फवारण्याची मात्र टाळावी. सहा महिन्यांखालील बाळास लस देता येत नाही, त्याचे रक्षण आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवरच अवलंबून असते.

चंद्रपूर-गडचिरोलीत खरा प्रश्न वेळेचा. फ्लू पावसाळ्यात बळावतो आणि तेव्हाच पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांशी बोलून मृगापूर्वीच निर्णय घ्यावा. सिकलसेलग्रस्त गर्भवतीने तर चालढकल नकोच. लस घेतल्यावरही ताप आल्यास हिवतापासाठी रक्ततपासणी करावीच.