टूर द फ्रान्सचे बिनसंघाचे स्वार

टूर द फ्रान्स उभी राहिली ती कंपन्यांच्या पगारी स्वारांवर, असे सरसकट मानले जाते. पुरावा वेगळे सांगतो. 1903 साली पहिल्याच शर्यतीसाठी नावनोंदणी इतकी थोडी झाली, की ‘लोटो’ या आयोजक वृत्तपत्राने शर्यत जुलैवर ढकलली, प्रवेशशुल्क 20 फ्रँकवरून 10 वर आणले आणि दैनिक भत्ताही देऊ केला. नामवंतांसाठी ही धडपड नव्हती; स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या सामान्य सायकलस्वारांवाचून रस्ता भरणारच नव्हता. पुढे त्यांना ‘तुरिस्त-रुतिये’ म्हणत. मुक्काम, जेवण, दुरुस्ती, सारे ज्याचे त्याने पाहायचे. त्यांच्यातला ज्यूल दलोफ्र तर टप्पा संपल्यावर कसरती करून प्रेक्षकांकडून पैसे गोळा करी.

या स्वारांना हौशी म्हणावे, तर बक्षिसासाठी धावणारे हौशी कसले, असा आक्षेप येईल. नियमाच्या काटेकोर अर्थाने तो खराच आहे. पण ज्यांना पगार नाही, मदतनीस नाही, त्यांची धाव मला तरी हौसेचीच वाटते. ते केवळ संख्या भरायला होते, हेही पटत नाही: 1931 मध्ये ऑस्ट्रियाच्या माक्स बुला या तुरिस्त-रुतियेने दुसरा टप्पा जिंकून एकूण आघाडीची पिवळी जर्सी मिळवली. तरीही 1938 पासून शर्यत फक्त संघांसाठी राहिली.