पूल आधी की पक्षी आधी?

मी मूळचा वलगावचा. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की लागतं ते वलगाव, पेढी नदीच्या काठचं. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी याच पेढीच्या काठी देह ठेवला, त्यामुळे नाव तरी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तर सांगायचं म्हणजे, पूल म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर पेढीचा पूल. समुद्र फक्त सिनेमात.

मागच्या हिवाळ्यात मोठेबाबा (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ) मुंबईला आले होते. त्यांना हौसेने अटल सेतूवरून नेलं. चिर्ल्याहून शिवडीकडे. एकूण २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर! मी आकडे फेकत होतो, मोठेबाबा गप्प. शिवडी जवळ आल्यावर कठड्याला लावलेल्या भिंतीसारख्या पत्र्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काहून लावलं रे बावा?"

"पक्ष्यांना गाड्यांचा आवाज जाऊ नये म्हणून."

"पाखरासाठी?" मोठेबाबा हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "वावरात बांध घालाचा तरी मानूस आधी पाह्यते, पानी कुठून वाह्यते ते."

घरी आल्यावर हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून शनिवार-रविवार घालवून जरा खणलं. जे सापडलं ते मजेशीर आहे.

हा पूल पहिल्यांदा कागदावर आला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईच्या रस्त्यांचा अभ्यास केला आणि खाडीपलीकडे थेट रस्ता हवा असं सुचवलं. त्या काळात पर्यावरणाचा अभ्यास करा असं सांगणारा कायदाच आपल्याकडे नव्हता. पर्यावरण संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, किनारपट्टीची सीआरझेड अधिसूचना १९९१ मध्ये आणि पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास बंधनकारक करणारी अधिसूचना १९९४ मध्ये.

आणि आता गंमत बघा. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले तेसुद्धा १९९० च्या दशकातच! म्हणजे पुलाची कल्पना पक्ष्यांपेक्षा तीस वर्षांनी जुनी. ते का आले? अभ्यासकांचं सर्वसाधारण म्हणणं असं की शहराच्या सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ वाढलं, आणि लहान फ्लेमिंगोचं मुख्य अन्न तेच. म्हणजे आपल्याच घाणीने पाहुणे बोलावले. (मुंबईकरांनी यावर फार अभिमान बाळगू नये.)

मग प्रश्न असा की अभ्यास करायचा तो नेमका कशाचा? आमच्या धंद्यात कोड बदलण्याआधी बेसलाइन घेतात. आधी सिस्टिम कशी चालत होती हे माहीत नसेल तर नंतर काय बिघडलं हे कुणाच्या बापाला कळणार नाही. पर्यावरणाच्या अभ्यासाचंही तेच. पाणी, गाळ, हवा, आवाज, मासे, तिवरं, पक्षी... सगळं आधी मोजायचं. पण आपल्याकडे बरेच अहवाल एका हंगामाच्या मोजणीवर उभे राहतात. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे मुंबईत असतात. पावसाळ्यात मोजलेत तर जवळपास कुणी नाही. हिवाळ्यात मोजलेत तर हजारो, पण ते वाढतायत की कमी होतायत हे एका हंगामावरून कसं कळणार? एकदाच रन करून टेस्ट पास म्हणण्यासारखं झालं हे.

म्हणूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (१८८३ पासूनची संस्था, बरं का) शिवडीच्या चिखलातून जाणाऱ्या मार्गाला आक्षेप घेतला होता, मार्ग थोडा सरकवा असं सुचवलं होतं. पूल शेवटी शिवडीहूनच गेला. दरम्यान बाकीचंही रामायण चालू होतं. मिळालेली परवानगी मुदत संपून वाया गेली, २०१३ मध्ये निविदा काढली तर एकही कंपनी आली नाही. शेवटी जपानच्या जायका संस्थेचं कर्ज घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या नियमांनुसार पर्यावरणाचा अभ्यास आणखी बारकाईने करावा लागला. काम सुरू झालं २०१८ मध्ये, उद्घाटन १२ जानेवारी २०२४.

अभ्यासाचा उपयोग झाला का? काही बाबतीत नक्की. समुद्रात पाया घेताना खांब हातोड्याने ठोकण्याऐवजी भोक पाडून माती वर ओढणारी यंत्रं वापरली, त्यामुळे आवाज आणि हादरे कमी. चिखलात भराव टाकण्याऐवजी तात्पुरता पूल बांधून त्यावरून सामान नेलं. मच्छीमारांसाठी नुकसानभरपाईचं धोरण ठरलं. आणि २०१८ पासून बीएनएचएसचा फ्लेमिंगोंवरचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू झाला. २०२२ मध्ये तर सहा फ्लेमिंगोंना जीपीएस लावलं. पण बघा, खरी लांब पल्ल्याची मोजणी कामाबरोबर सुरू झाली, आधी नाही!

याउलट डेन्मार्क आणि स्वीडनमधला ओरेसुंड पूल. १९९१ मध्ये करार झाला तेव्हाच अट अशी की बाल्टिक समुद्रात जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह आधी होता तेवढाच नंतर राहिला पाहिजे. बाल्टिकला खारं, प्राणवायू असलेलं पाणी या सामुद्रधुन्यांतूनच मिळतं. मग खांबांनी आणि बेटाने जेवढी वाट अडली तेवढा तळ दुसरीकडे खोदून दिला. खोदताना ५ टक्क्यांपेक्षा जास्त गाळ पाण्यात सांडायचा नाही, हीसुद्धा अट. २००० मध्ये पूल सुरू झाला. आधी उत्तर काय हवं ते ठरवलं, मग पूल काढला. मोठेबाबांचा बांध तो हाच!

आणखी एक गोष्ट. अहवाल असतो एका पुलाचा, पण पक्षी राहतो अख्ख्या खाडीत. ओहोटीला तो चिखलात खातो, भरती आली की नेरूळसारख्या ठिकाणच्या तलावांवर जाऊन थांबतो. २०२४ मध्ये नेरूळच्या अशाच एका तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली आणि तलाव सुकला. त्याचा अटल सेतूशी संबंध नाही. पण फ्लेमिंगोला कुठे ठाऊक की हा वेगळा प्रोजेक्ट आहे? ठाणे खाडीचा १६.९ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. चांगलंच झालं. पण शिवडीचा चिखल त्या हद्दीच्या बाहेर आहे, आणि खाडीभोवती एकेक रस्ता, एकेक जेट्टी, एकेक टॉवर आपापल्या वेगळ्या फाइलीत पास होतोय. सगळ्यांची बेरीज कोण करणार?

मी पुलाच्या विरोधात नाही. दर आठवड्याला वापरतो, दीड तास वाचतो, उगाच सोवळेपणा कशाला. पण पुढचा पूल येईल तेव्हा मोजणी दहा वर्षं आधी सुरू व्हावी, एवढंच मागणं आहे.

परवा मोठेबाबांचा फोन आला होता. गावाकडचं बोलणं झाल्यावर विचारलं, "पाखरं आले का रे अवंदा?" म्हटलं, रविवारी शिवडीला जाऊन बघून सांगतो. जाणार आहे. ओहोटीची वेळ बघून ठेवली आहे.