पावसातली चांदमारी : लोखंड, कापड आणि खंदकातला माणूस

१/१२
नेमबाजीच्या सरावाला आपल्याकडे जुना शब्द आहे : चांदमारी. चांद म्हणजे फलकाच्या मधोमध काढलेला गोल. गुवाहाटी, मोतिहारी अशा अनेक शहरांत या नावाचे भाग आजही आहेत. पण उघड्या मैदानावरचा हा चांद पावसात टिकवायचा कसा? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडला या प्रश्नाने बराच काळ झुंजवले.

२/१२
१८५९ मध्ये फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने इंग्लंडमध्ये हजारो नागरिक स्वयंसेवक पथकांत दाखल झाले. याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले. तिवईवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलचा चाप तिने रेशमी दोरीने ओढला. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सुमारे सव्वा इंचावर लागली.

३/१२
ही गोळी आदळली ती लोखंडावर. त्या काळी लष्करी सरावाचा फलक म्हणजे सहा फूट उंच व दोन फूट रुंद असा लोखंडी पत्रा. अंतर वाढे, तसे अधिक पत्रे शेजारीशेजारी उभे केले जात. त्यांवर पांढरा चुना फासून मध्ये काळे लक्ष्य रंगवीत.

४/१२
लोखंडाची निवड सरळ हिशेबाची होती. इंग्लंडचा उन्हाळा कोरडा नसतो. पावसात कागद लगदा होतो, लाकूड फुगते. लोखंड उभे राहते. शिवाय त्या काळच्या मऊ शिशाच्या गोळीने जाड पत्र्याला भोक पडत नसे. गोळी आदळून चपटी होई, करडा डाग उमटे आणि आघाताचा खणखणाट दूरवर ऐकू येई.

५/१२
परंतु पत्रा टिकला, तरी त्याचा चेहरा टिकत नसे. प्रत्येक डाग चुन्याने झाकावा लागे. पावसात ओला चुना वाळत नाही, ओघळतो. काळ्या रंगाची कडा पुसट होते. जुना डाग कोणता आणि नवा कोणता, हे ओळखणे अवघड होई.

६/१२
हे काम ज्याच्याकडे असे तो 'मार्कर'. फलकाजवळच्या भक्कम आडोशात बसून तो प्रत्येक गोळी कुठे लागली ते पाही आणि रंगीत चकती किंवा निशाण दाखवून गुण कळवी. लोखंडावर फुटलेल्या शिशाचे तुकडे आजूबाजूला उडत. चुना फासायला बाहेर पडायचे, तर आधी धोक्याचे लाल निशाण दाखवून गोळीबार थांबवावा लागे. ते निशाण पावसात दिसले नाही तर काय, याची कल्पना करता येते.

७/१२
दुसरा दोष न्यायाचा होता. शिशाचा डाग मूळ गोळीपेक्षा बराच मोठा पसरतो. गोळी रेषेच्या आत लागली की बाहेर, हे अशा डागावरून नेमके सांगता येत नाही. रायफली अचूक होत गेल्या, तशी ही संदिग्धता खुपू लागली.

८/१२
एका गुणाचे मोल किती असते? २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला. फलक लोखंडी, अंतरे ८००, ९०० आणि १,००० यार्ड. आयर्लंडच्या मिलनर यांची एक गोळी काळ्या लक्ष्यावर अचूक बसली, पण शेजारच्या फलकाच्या! चार गुणांऐवजी शून्य मिळाले. निकाल : अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

९/१२
याच दशकात लोखंडाची जागा कापड घेऊ लागले. चौकटीवर ताणलेले किंतान, त्यावर चिकटवलेला कागद. प्रतिभाराच्या आधारे चौकट खाली खंदकात उतरे आणि पुन्हा वर जाई. मार्कर आता जमिनीच्या पातळीखाली असे. कागदावरचे छिद्र गोळीएवढेच, त्यामुळे वादाला जागा कमी. गुणांच्या पायऱ्याही वाढल्या. त्यांतल्या एकीला 'मॅगपाय' हे काळ्यापांढऱ्या पक्ष्याचे नाव मिळाले, कारण तिची खूण काळ्यापांढऱ्या रंगाची होती.

१०/१२
पण पाऊस परत आला. छिद्रे बुजवायला कागदाचे तुकडे आणि पिठाची खळ वापरीत. ओल्या फलकावर खळ धरत नाही; तुकडा गळून पडला की जुने छिद्र नव्यासारखे दिसते. भिजलेला कागद गोळीने स्वच्छ भोकाऐवजी फाटतो. उपाय कष्टाचे होते : आधीच कागद लावून वाळवलेले सुटे फलक छपराखाली तयार ठेवायचे आणि भिजलेला फलक बदलायचा. हे सारे करणारा माणूस मात्र पाणी साचलेल्या खंदकातच उभा.

११/१२
तरीही लोखंडाकडे परतणे शक्य नव्हते. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिची धातूच्या आवरणाची वेगवान गोळी जुन्या पत्र्यांसाठी आणि जवळच्या माणसांसाठी फार घातक होती. १८९० मध्ये स्पर्धा विम्बल्डनहून बिस्ली येथे गेली. तेथे किंतान, कागद आणि खंदक ही व्यवस्था दीर्घकाळ चालली. पावसात टिकणाऱ्या फलकापेक्षा खरे गुण सांगणारा फलक महत्त्वाचा ठरला, आणि पावसाचा भार खंदकातल्या माणसाने उचलला.

१२/१२
हा भार अलीकडे यंत्रांनी हलका केला. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा गुण मोजत होते इलेक्ट्रॉनिक फलक. चकती दाखवणारा कुणी तेथे नव्हता. जुन्या छावणीच्या गावात चांदमारीची जागा सापडली, तर गोळ्या अडवणारा मातीचा उंच बांध शोधावा. त्याच्या पुढ्यात खंदक असेल, तर मार्कर तेथेच भिजत उभा असे. पदकांच्या याद्यांत त्याचे नाव नाही, पण त्या यादीतला प्रत्येक गुण आधी त्याने पाहिलेला आहे.