गिरणगाव : घरांच्या किमती व वस्तीची सुरक्षितता

गिरणगाव ही मध्य मुंबईतील कापडगिरण्यांभोवती वाढलेली कामगारवस्ती. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, लोअर परळ, वरळी व प्रभादेवी हे भाग तिच्यात मोडतात; त्यांतील बराचसा प्रदेश महापालिकेच्या एफ-दक्षिण आणि जी-दक्षिण विभागांत येतो. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या व निवासी टॉवर उभे राहिले. वस्ती सुरक्षित झाली की तेथील घरे महागतात, असा सर्वसाधारण समज आहे. गिरणगावात क्रम वेगळा दिसतो. येथील किमती प्रामुख्याने जमिनीच्या नियमांतील बदलांमुळे वाढल्या. सुरक्षितता ही त्या किमतीत धरून विकली जाणारी सोय पुढे झाली. जुन्या रहिवाशांच्या वाट्याला मात्र नवे धोके आले.

पूर्वपीठिका : कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढील काळात रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून कामगार आले. गिरणीमालक, खाजगी घरमालक आणि सरकार अशा तिघांनीही चाळी बांधल्या. सरकारी चाळींपैकी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी 1920 च्या दशकातील आहेत. वरळी (121), नायगाव (42), ना. म. जोशी मार्ग (32) व शिवडी (12) अशा त्या एकूण 207. तळमजला अधिक तीन मजले, 80 खोल्या, एक खोली सुमारे 160 चौरस फुटांची आणि शौचालये सामायिक, अशी त्यांची रचना होती.

चाळीतील सुरक्षिततेसाठी वेगळी यंत्रणा नव्हती. खोल्यांची दारे एकाच गॅलरीत उघडत आणि दिवसभर सहसा उघडीच असत. नळावर, जिन्यात, गॅलरीत कोणी ना कोणी असेच. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. मध्यरात्री दुसरी पाळी सुटून तिसरी भरत असल्याने रस्त्यावर माणसांची, चहाच्या हॉटेलांची, पानपट्ट्यांची वर्दळ राही. रात्री उशिरा परतणाऱ्या माणसाला ओळखीचे कोणीतरी भेटेच. व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे, गावकऱ्यांची मंडळे यांच्यामुळे अनोळखी माणूस लगेच लक्षात येई. हे चित्र निर्भेळ सुखाचे मानणे मात्र चूक ठरेल. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून (जून 1970), वरळीच्या बीडीडी चाळींतील शिवसेना व दलित पँथर यांच्यातील दंगल (जानेवारी 1974) आणि 1992-93 च्या दंगली याच परिसराने पाहिल्या. घरातील मारहाण व दारूपायी होणारा त्रास यांची नोंद पोलीस दप्तरात क्वचितच होत असे.

संप : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.

जमीन व कायदा : गिरणगावातील किमतींचा इतिहास हा मुख्यतः एका नियमाचा इतिहास आहे. मुंबईत 58 गिरण्यांकडे मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. काही गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, बाकीच्या खाजगी. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार, गिरणीची जमीन विकसित करायची झाल्यास तिचे ढोबळमानाने तीन वाटे पडत : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरबांधणीसाठी राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, म्हणजे म्हाडाला, आणि एक मालकाला. दोन वाटे सोडावे लागत असल्याने फार थोडे मालक या वाटेने गेले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1996 मध्ये सुट्या सुट्या गिरण्यांऐवजी सर्व जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. रस्ते, मैदाने, स्थानकांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींशी जोडण्याची ती बहुधा शेवटची संधी होती. आराखडा कागदावरच राहिला.

2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल आणि गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यात धरली जाणार नाही, असा तिचा अर्थ लावला गेला. गिरणीच्या आवारात शेड आणि गोदामेच अधिक असल्याने महापालिका व म्हाडा यांच्या वाट्यात मोठी घट झाली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने याला आव्हान दिले. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दुरुस्तीमागील हेतूंबद्दल मतभेद आहेत. बंद गिरण्यांना भांडवल मिळून कामगारांची देणी फिटावीत हा हेतू होता, असे शासनाचे म्हणणे; जमीन मालकांच्या हाती जावी यासाठीच ती झाली, असे कामगार संघटनांचे.

परिणामाबद्दल फारसा वाद नाही. वस्त्रोद्योग महामंडळाने 2005 मध्ये आपल्या गिरण्या विकायला काढल्या, तेव्हा मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे 17 एकर जमीन 702 कोटी रुपयांना, तर दादरच्या कोहिनूर मिल क्र. 3 ची जमीन 421 कोटींना गेली. मुंबई टेक्स्टाइलची तीच जमीन 2012 मध्ये सुमारे 2,727 कोटींना पुन्हा विकली गेली. सात वर्षांत जवळजवळ चौपट. मधल्या काळात तेथे एकही निवासी टॉवर उभा राहिला नव्हता आणि आसपासच्या रस्त्यांत, पुलांत, पोलीस ठाण्यांत या वाढीचे स्पष्टीकरण देईल असे काही बदलले नव्हते. जमिनीचे सध्याचे उत्पन्न आणि नियम बदलल्यावर मिळू शकणारे उत्पन्न यांतील अंतर वाढले की भांडवल तेथे धावते, हे भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी 1979 मध्ये मांडलेले सूत्र येथे जवळपास जसेच्या तसे लागू पडते.

घरांच्या किमती : एकाच नाक्यावर घराच्या चार वेगवेगळ्या किमती असू शकतात, हे गिरणगावाचे वैशिष्ट्य. पहिली जुन्या भाडेकरूची. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली. 1999 च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम ठेवले. दुसरी पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेल्या खोलीची. अशी खोली हस्तांतरित करताना मिळालेल्या रकमेपैकी सुमारे एक तृतीयांश घरमालकाला द्यायची रूढी आहे. तिसरी म्हाडाने सोडतीत ठरवलेली. 2012 मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी 6,925 घरांची सोडत निघाली. 225 चौरस फुटांच्या त्या घरांची किंमत साडेसात लाख रुपये होती. मार्च 2020 च्या सोडतीत बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल व श्रीनिवास मिल येथील 3,894 घरे साडेनऊ लाखांना देण्यात आली. चौथी खुल्या बाजारातील, म्हणजे टॉवरमधील किंमत. ती काही कोटींत असते. श्रीनिवास मिलच्या आवारात म्हाडाची साडेनऊ लाखांची घरे आणि मुंबईतील सर्वांत उंच निवासी इमारतींपैकी काही, अशा दोन्ही आहेत. जाहिरातींत या भागाला ‘अपर वरळी’ म्हणण्याची पद्धत पडली. जुने रहिवासी आजही डिलाईल रोडच म्हणतात.

गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले होते. 1989 मध्ये स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने आणि तिचे नेते दत्ता इस्वलकर यांनी कामगारांना घरे देण्याची मागणी दीर्घकाळ लावून धरली नसती, तर जी घरे मिळाली तीही मिळाली नसती.

सुरक्षितता — गुन्हेगारी : संपानंतरच्या बेकारीत परिसरातील टोळ्यांना माणसे मिळाली, हे सामान्यतः मान्य आहे; अशा माणसांचे प्रमाण किती, यावर एकमत नाही. टोळ्यांचा आणि जमिनीचा संबंध खटाव मिलचे सुनीत खटाव यांच्या खुनाने (7 मे 1994) उघड झाला. गिरणीची भायखळ्याची जमीन विकण्याच्या हालचाली तेव्हा सुरू होत्या. तपासात अमर नाईक टोळीचे नाव पुढे आले. दत्ता सामंत यांचाही 16 जानेवारी 1997 रोजी पवईत खून झाला. संघटित गुन्हेगारीविरोधी 1999 च्या मोक्का कायद्यानंतर आणि पोलीस चकमकींच्या काळात टोळ्या निष्प्रभ झाल्या. त्यामुळेच खरेदीदार येऊ लागले, हे अनुमान पडताळणे अवघड आहे, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वार्षिक आकडेवारी शहरनिहाय असते, वस्तीनिहाय नसते.

बंद गिरण्यांची ओसाड आवारे हा वेगळा धोका होता. महालक्ष्मीजवळील शक्ती मिलच्या पडक्या आवारात 22 ऑगस्ट 2013 रोजी एका छायापत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्याच आवारात आधी घडलेला तसाच गुन्हाही त्यानंतर उजेडात आला. गुन्हेगारांना मार्च-एप्रिल 2014 मध्ये शिक्षा झाल्या. तिघांची फाशी नोव्हेंबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. भोवतालच्या जमिनींना विक्रमी भाव मिळत असताना हे आवार वर्षानुवर्षे दिव्याविना, पहाऱ्याविना पडून होते. चढ्या किमतीच्या वस्तीत अशी मोकळी, बेवारस जागा उरते, ती वादात अडकलेल्या जमिनीचे उत्तरदायित्व कोणीच घेत नाही म्हणून.

2017 : या वर्षात चार महिन्यांत परिसरात तीन घटना घडल्या. 29 ऑगस्टच्या पावसात प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. 29 सप्टेंबरला सकाळी एल्फिन्स्टन रोड व परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण मरण पावले. गिरण्यांच्या जागी आलेल्या कचेऱ्यांमुळे तेथे उतरणारी गर्दी कैक पटींनी वाढली होती. पूल मात्र जुना, अरुंद होता. पावसामुळे लोक जिन्यातच थांबले, खालून नव्या गाड्यांची माणसे येत राहिली. नवा पूल लष्कराने बांधून फेब्रुवारी 2018 मध्ये खुला केला. तिसरी घटना 29 डिसेंबरची : कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना मध्यरात्रीनंतर आग लागून 14 जण दगावले. आसरा म्हणून शौचालयात शिरलेल्यांपैकी अनेकजण धुराने गुदमरले. आगीनंतर महापालिकेने शहरभर अनधिकृत बांधकामे पाडली. या तिन्ही घटनांत चोर-दरोडेखोर कोणी नव्हता. गटार, पूल, जिना, परवाना या सार्वजनिक गोष्टी वाढीच्या मागे राहिल्या होत्या, आणि 1996 चा एकत्रित आराखडा डावलल्याची किंमत पादचाऱ्यांनी मोजली.

टॉवर : नव्या इमारतींत सुरक्षितता मासिक मेंटेनन्समधून पुरवली जाते : कुंपण, वॉचमन, कॅमेरे, पाहुण्यांची नोंद. एकाच भूखंडावरील पुनर्वसन इमारत व विक्रीची इमारत यांचे दरवाजे बहुधा वेगळे असतात. टॉवरमध्ये बाहेरचा माणूस अडतो, आगीपासून मात्र तशी हमी नसते. परळमध्ये ऑगस्ट 2018 च्या इमारत-आगीत चौघांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये करी रोडच्या साठ मजली टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्याला आग लागली. खाली पडून मरण पावला तो तेथील सुरक्षारक्षक होता.

चाळींचा पुनर्विकास : गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात आखडला आणि सप्टेंबर 1940 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती धोकादायक होत गेल्या. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, पण त्याचे काम टेकू लावण्यापलीकडे क्वचित गेले. विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 33(7) व 33(9) खाली विकासक भाडेकरूंना मोफत घर देऊन उरलेल्या क्षेत्रात विक्रीचा टॉवर बांधतो. यात पहिली जोखीम संक्रमण शिबिराची : खोली रिकामी केली, विकासकाकडून पर्यायी घरासाठी मिळणारे भाडे बंद झाले आणि इमारत अर्धवट राहिली, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. दुसरी जोखीम घराचा ताबा मिळाल्यावर सुरू होते. शंभर रुपयांच्या आत भाडे भरलेल्या कुटुंबाला लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांच्या देखभालीचा खर्च दरमहा पडतो. विकासकाने ठेवलेला कॉर्पस निधी पुरेनासा झाला की घर विकून बदलापूर, विरार किंवा गावाकडे जाण्याचा मार्ग उरतो. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मिळालेली मालमत्ता करमाफी हा काहीसा दिलासा आहे. विक्रीतून मिळणारी रक्कम अनेक कुटुंबांनी स्वेच्छेने घेतली, तीतून मुलांचे शिक्षण व कर्जफेड झाली, हेही नोंदवले पाहिजे. स्थलांतर किती मर्जीचे आणि किती नाइलाजाचे, यावर अभ्यासकांत दुमत आहे.



सद्यस्थिती : वरळी बीडीडी प्रकल्पातील पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये देण्यात आल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे मालकीचे घर, असे या योजनेचे स्वरूप असून नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथेही काम चालू आहे. धोकादायक ठरल्याने जुलै 2018 मध्ये बंद केलेला लोअर परळचा डिलाईल पूल नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण खुला झाला. सोडतीत घर न लागलेल्या गिरणी कामगारांसाठी शासनाने शेलू व वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे केला. मुंबईबाहेरची ही घरे कामगार संघटनांनी नाकारली असून घरे मुंबईतच मिळावीत, या मागणीसाठी जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर मोर्चा निघाला.