डच भाषेची मुळाक्षरे आणि मलिक अंबर

इ. स. १६१७ च्या पावसाळ्यात सुरतेच्या दक्षिणेस, गणदेवीजवळच्या किनाऱ्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीची दोन जहाजे रुतून निकामी झाली. त्यांवरील खलाशांस घेऊन पीटर फान देन ब्रूके नावाचा व्यापारी पायवाटेने पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणास निघाला. ही वाट निजामशाहीच्या मुलखातून जात होती. अहमदनगरचा, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला त्याच साली तहान्वये शाहजादा खुर्रमच्या हाती गेला होता. परंतु राज्याचा खरा आधार जो मलिक अंबर, तो आपल्या छावणीत ताठ उभा होता. ब्रूके त्यास भेटला आणि जे पाहिले ते त्याने आपल्या रोजनिशीत उतरून ठेवले.

मलिक अंबराविषयी मोगलांचे कागद पुष्कळ बोलतात. पण ते शत्रूचे बोलणे होय. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्यास शिव्याशाप देण्यात काही कसर ठेवली नाही. डच व्यापाऱ्यास मोगलांचा कैवार घेण्याचे कारण नव्हते, निजामशाहीचाही नव्हता. त्यास सुखरूप वाट हवी होती. म्हणून त्याच्या साक्षीस मोल आहे. उंच, बळकट बांध्याचा, करड्या मुद्रेचा हा हबशी मोख्याच्या बंदरात ऐंशी गिल्डरांस विकला गेला होता, आणि त्याच्या अमलात चोरांस कडक शासन असल्यामुळे रस्ते निर्धास्त होते, असे तो लिहितो. भातवडीची लढाई, जी इ. स. १६२४ मध्ये नगरच्याच परिसरात झाली, तिच्या सात वर्षे आधीचे हे शब्दचित्र आहे.

मराठी वाचकास हे चित्र आजवर बहुधा इंग्रजीच्या खिडकीतून दिसले. त्यात एक धोका आहे. ब्रूके अंबरास ‘काफर’ म्हणतो. आपल्या कानास हा शब्द ओळखीचा. साहजिकच असे वाटावे की लेखकाने एका निष्ठावंत मुसलमानास धर्मावरून हिणविले. वस्तुतः मूळ अरबी शब्द पोर्तुगीज खलाशांच्या तोंडी पडून केवळ ‘आफ्रिकेचा कृष्णवर्णी मनुष्य’ एवढ्याच अर्थाने डचांकडे आला होता. मुसलमानास ते ‘मोर’ म्हणत.

दुसरा चकवा ह्याहून मोठा आहे. डच लेखक अंतरे सांगतो ती ‘मैलां’त, आणि नवल असे की डच उच्चारही जवळजवळ आपल्या ‘मैल’ शब्दासारखाच आहे. परंतु सतराव्या शतकातील डच मैल म्हणजे पृथ्वीच्या एका अंशाचा पंधरावा भाग, अर्थात सुमारे ७.४ किलोमीटर. इंग्रजी मैल १.६ किलोमीटरचा. जो अभ्यासक हा भेद न जाणता नकाशावर बोट ठेवील, तो एका दिवसाची मजल चौपटीहून आखूड करील आणि अंबराची छावणी भलत्याच गावाच्या शिवारात नेऊन बसवील.

तेव्हा प्रश्न असा की मराठी माणसाने ही भाषा अगदी अनभिज्ञ अवस्थेतून शिकावयास घेतली, तर ती त्यास कितपत वश होईल? पहिल्या दिवशी घसा कुरकुरतो; डच ‘ग’ हा फारसी ‘खबर’मधील घासून निघणाऱ्या ‘ख’जवळचा आहे. पण लवकरच काही सोयरिकी आढळतात. इंग्रजीवर वाढलेल्या विद्यार्थ्यास डच आकडे उलटे वाटतात, कारण तेथे चोवीसला ‘चार आणि वीस’ म्हणतात. मराठी मुलास ह्यात उलटे ते काय? आपल्या चोवीसातही चार आधी आणि वीस मागाहून येतात. गौण वाक्यात डच क्रियापद शेवटी जाऊन बसते, तेही आपल्या अंगवळणी पडलेले. जुन्या डचमधील नामांची तीन लिंगे हिंदी भाषिकास जड जातील. ‘तो, ती, ते’ म्हणतच मोठा झालेला विद्यार्थी त्यांस बुजणार नाही.

खरी अडचण व्याकरणात नसून हस्ताक्षरात आहे. हॉलंडात शुद्धलेखनाचे सरकारमान्य नियम इ. स. १८०४ मध्ये आले. त्यापूर्वीचा कारकून एकाच पानावर एक शब्द दोन तऱ्हांनी लिही. विशेषनामांची तर दैनाच! वेंगुर्ल्यास, जेथे डचांची वखार होती, ‘विंगुर्ला’ म्हटले आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराजांस ‘सेवागी’. परंतु ज्याने मोडीचा एखादा फर्राटेदार कागद एकदा सोडविला आहे, त्यास हा प्रकार नवा नाही. तेच शब्दांचे तोडणे, तेच संक्षेपांचे कोडे, तीच सवयीने उघडणारी नजर. मोडी जाणणारा मनुष्य ह्या कामी इतरांच्या चार पावले पुढे आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

काम मात्र अफाट आहे. डच कंपनीचे जे दप्तर आज हेग, जाकार्ता, कोलंबो, चेन्नई आणि केप टाउन येथे विखुरले आहे, ते सुमारे अडीच कोटी पानांचे आहे, इ. स. २००३ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतीच्या वारशात नोंद केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्र लिहिताना ह्या साधनांचा उपयोग करून वाट दाखविली. निजामशाहीसाठी ते कष्ट त्यामानाने थोड्यांनी घेतले.

ब्रूकेची रोजनिशी इ. स. १६३४ मध्ये संक्षिप्त रूपाने छापली गेली. तिचा आशियातील प्रवासाचा भाग कूलहास नामक विद्वानाने संपादून इ. स. १९६२-६३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यामुळे ह्या ग्रंथापुरती तरी हस्ताक्षराची कटकट उरलेली नाही. मजकुराखालच्या टीपाही अर्थात डच भाषेतच आहेत.