कवळाण्याचा मुलगा आणि युरोपची चित्रं

आपल्याकडे एक प्रश्न नेहमी येतो. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटरवर, मग युरोपची चित्रं बघायची कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना आपण खानदेशातूनच सुरुवात करू.

मालेगावजवळच्या कवळाणे गावी १८६३ साली एका शेतकरी घराण्यात गोपाळराव जन्मले. नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. तोवर हा मुलूख खानदेशातच होता. १८७५ साली हा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं. त्याच सुमारास संग्रहालयाशेजारी चित्रदालन उभं राहत होतं. इमारत १९१४ साली पुरी झाली. युरोपीय चित्रांची निवड लंडनचे कलासमीक्षक स्पीलमन यांनी केली होती. पण महायुद्ध पेटलं, चित्रं वेळेवर येईनात. दालन उघडलं ते १९२१ साली.

आता उलटा प्रवास पाहा. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा तेच काम केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ च्या आगीत गेल्या. गिल साहेबांचा देह १८७९ साली आपल्या भुसावळला पडला.

या दोन प्रवासांत फरक आहे. लंडनला आपल्या प्रतिकृती गेल्या, मूळ चित्रं भिंतीवरच राहिली. बडोद्यात मात्र युरोपीय चित्रकाराच्या हातचा कॅनव्हासच आला, आणि तो राजवाड्यात न ठेवता लोकांसाठी सार्वजनिक बागेत ठेवला गेला. माझ्या मते ते सक्तीच्या शिक्षणाचंच पुढचं पाऊल होतं.

आणि उपयोग? तैलरंगात छाया-प्रकाश कसा खेळवतात, हे मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावरच कळतं. मग अजिंठ्याची रेषा शरीराला गोलाई कशी देते, तेही नीट दिसतं. तुलनेशिवाय 'आपलं' म्हणजे काय, ते ओळखता येत नाही.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी आपली मुलं युरोपीय चित्रं बघतात ती छापील, नाहीतर मोबाइलवर. भुसावळहून सुरतमार्गे बडोदा काही फार लांब नाही. शाळेची सहल काढताना एकदा कमाटीबागेचा विचार करा. पण त्याआधी मुलांना अजिंठा दाखवा.